शालीचं दुसरं टोक

शालनची तीनचाकी गोठ्याच्या दारात अडकली, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "बगा ताई, ह्यातनं म्हशी जात हुत्या. मी काय म्हशीपरीस जाड हाय?"

"तू नाहीस, तुझी गाडी रुंद आहे," मी म्हणाले आणि टेप लावून दार मोजलं.

"मंजे गाडीला उपाशी ठेवायचं. मला वाटलं मलाच."

नाथाभाऊ दाराशी उभे होते. त्यांचा उजवा हात कोपरापासून खाली नव्हता. शर्टाची बाही दुमडून तिला ते पिन लावत. डाव्या हातानं त्यांनी चौकट ठोकून पाहिली. "आतनं किडलीया. काढू या. पण दगडी उंबरा हालायचा न्हाई, त्याच्यावरनं उतार घालावा लागंल."

"उतार किती चढा चालेल?" मी शालनला विचारलं.

"मला काय इचारता? माझ्या दंडांना इचारा."

मी खरंच तिच्या दंडांना विचारलं. फळ्यांखाली विटा कमीजास्त करत तिला चढायला लावलं, आणि तिचा श्वास न चढता जिथवर जाता आलं तिथं खडूनं खूण केली. मला तेव्हा सगळंच मोजायची हौस होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी नुकतीच घरी आले होते, नोकरीची पत्रं पाठवून वाट बघत होते. शेवटच्या वर्षी कॉलेजात धिंगरी आळिंबी, म्हणजे मश्रूम, पिकवली होती. त्यामुळे तालुक्यातल्या अपंगांचा सहा जणांचा गट आळिंबीसाठी जागा शोधतोय असं कळल्यावर मीच त्यांच्याकडे गेले.

त्यांची अडचण साधी होती. पुण्याची एक संस्था रॅक, पिशव्या, बियाणं, पहिल्या वर्षाचा खर्च, सगळं द्यायला तयार होती. अट एकच, की जागेचा दहा वर्षांचा लेखी करार हवा. आणि दहा वर्षांसाठी छप्पर लिहून द्यायला आसपासच्या गावांत कुणी तयार नव्हतं. एकदा जागा दिली की ती परत मिळत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. वर अपंगांना बाहेर काढलं तर गाव नावं ठेवणार.

मी आण्णांना, माझ्या वडिलांना, हे जेवताना सांगितलं. आण्णांनी भाकरी मोडता मोडता म्हटलं, "आपला गोठा घ्या म्हणावं. म्हशी विकल्यापासून मोकळाच आहे. भाडं नको."

त्या क्षणी मला आण्णांचा इतका अभिमान वाटला की हॉस्टेलातल्या मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं.

गटाचे पुढारी नाथाभाऊ होते, ही गोष्ट त्यात आणखी शोभून दिसत होती. नाथा खरात पूर्वी आमच्याकडे सालानं कामाला होते. त्यांचा हात ह्याच गोठ्यात, कडबा कापायच्या कुट्टीयंत्रात गेला. मी तेव्हा आठवीत होते, शाळेतून आले तर अंगणात माणसं आणि दारात जीप. त्यानंतर आमच्या घरात ही हकीकत दोन वाक्यांत सांगितली जाई. "कुट्टी लवकर उरकावी म्हणून नाथानं यंत्राची जाळी काढली आणि घाई नडली." आणि लगेच दुसरं, "पण आपण त्याला वाऱ्यावर सोडलं नाही." तेही खरं होतं. दवाखाना आण्णांनी केला. एसटी थांब्यावर टपरी टाकायलाही तेच पुढे झाले. विहीर कुणी खोदली, आंबा कुणी लावला, तशीच ही दोन वाक्यं मी तेव्हापासून ऐकत आले होते. कधी तपासून बघावीत असं मनात आलं नाही.

गोठा दाखवायला नेलं तेव्हा मी त्यांना चाचरत विचारलं होतं, "नाथाभाऊ, तुम्हाला इथं... चालेल ना?"

"जागा काय करती?" ते वर बघत म्हणाले. "पत्रा चांगला हाय. गळत न्हाई."

यंत्र कोपऱ्यातच होतं, पोत्यानं झाकलेलं. आळिंबी पिशव्यांत भरलेल्या बारीक काडावर वाढते; मी म्हटलं, आपण कापलेलं काड बाहेरून आणू. त्यावर ते म्हणाले, "घरात यंत्र आसताना इकत कशाला? काड तर आपल्याच शिवारातनं मिळतंय."  त्यांच्या धीराचं मला कौतुक वाटलं.

मग कामाला लागलो. गोठा म्हणजे आळिंबीसाठी निम्मी तयार इमारत असते. जाड भिंती, थंड फरशी, पाणी वाहून जायला नाली. फक्त ती जनावरांच्या मापानं बांधलेली असते. गव्हाणीची उंची मी मोजली, तर ती शालनच्या मांडीवर नेमकी येत होती. खालचा दगड फोडून गुडघ्यांना जागा केली की काड भरायचं टेबल तयार. पिशव्या टांगायला आम्ही कप्प्या लावल्या, म्हणजे खुर्चीत बसून दोरी सोडली की पिशवी हातात यावी. नाथाभाऊंसाठी पिशवीचं तोंड धरून ठेवणारा लाकडी चिमटा मी सुताराकडून तीनदा बदलून घेतला. तिसऱ्या वेळी त्यांनी एका हातानं पिशवी भरून, दातात सुतळी धरून गाठ मारली, तेव्हा शालन म्हणाली, "आता ह्यांचं लगीन पुन्हा लावा. मंगळसूत्राची गाठ मारता येती."

"तुझ्यासंगं न्हाई लावणार," नाथाभाऊ म्हणाले. "तोंड लई चालतंय."

"पाय चालत न्हाईत, तोंड तरी चालू दे की."

असे ते दिवस चांगले चालले होते. उद्घाटनाची तारीख ठरली, त्याच दिवशी करारावर सह्या व्हायच्या होत्या. राहिलं होतं फक्त मागच्या कोपऱ्यातलं कोंबड्यांचं खुराडं. सिमेंटच्या ओट्यावर विटा रचून केलेलं, दाराला लोखंडी जाळी. आत वर्षानुवर्षांची वाळलेली विष्ठा. आळिंबीच्या खोलीत ते ठेवणं शक्यच नव्हतं.

मी पक्कड घेऊन वाकले, तसे नाथाभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ते. मी बगतो नंतर."

"नाही हो, सगळी बुरशी इथूनच यायची. पिशव्या हिरव्या पडतील."

"ताई, ऱ्हाऊ द्या म्हनलं ना."

त्यांचा आवाज जरा वेगळा होता, पण मी तारेचे पीळ सोडवायला लागलेही होते. जाळी सुटून हातात आली. अपेक्षेपेक्षा जड निघाली. खुराड्याच्या दाराला कुणी एवढी जाड पट्टीची चौकट करत नाही. चौकटीच्या चारी कोपऱ्यांत बोल्टची भोकं होती आणि एका बाजूला हिरव्या रंगाचे टवके राहिले होते.

दुसरं कुणी असतं तर भंगारात टाकून मोकळं झालं असतं. मला मात्र ती भोकं कशासाठी ते कळायला हवं होतं. मी यंत्रावरचं पोतं काढलं. यंत्र हिरवं होतं. ज्या पन्हळीतून कडबा आत सरकवतात, तिच्या तोंडावर दोन्हीकडे चार भोकं होती. मी जाळी त्यावर धरली. खालून काड जाईल पण हात दातेरी रुळांपर्यंत पोचणार नाही, अशी ती बरोबर बसली.

शालन काहीतरी बोलत होती, ती थांबली.

"हीच ती जाळी," मी म्हणाले. "नाथाभाऊ, तुम्ही काढलेली."

 मग मी खुराड्याकडे परत वळले आणि ओट्याच्या कडेला मला माझा हात दिसला. सिमेंट ओलं असताना मी त्यात पंजा दाबला होता. आण्णांनी तेव्हा एक चापट मारली होती आणि नंतर हसून म्हणाले होते, आता ही सही कायमची. त्या वर्षी मी पाचवीत होते. सुट्टीभर मी ह्याच जाळीसमोर बसून पिल्लांना कण्या टाकल्या होत्या, जाळीच्या चौकोनांतून करंगळी आत घालून. पाचवीत. आणि नाथाभाऊंचा हात गेला तेव्हा मी आठवीत.

मी ठशावर हात ठेवून पाहिला. बोटं कितीतरी बाहेर आली.

"नाथाभाऊ, जाळी कुणी काढली होती?"

"शालन," ते म्हणाले, "जरा भाईर जा गं."

"मी कुठं जाऊ? उचलून आणलंय मला. उतार वाळाय लागलाय आजून," शालन म्हणाली आणि तोंड भिंतीकडे करून बसली.

नाथाभाऊ गव्हाणीच्या कडेवर टेकले. "आण्णांनी काढली. उसाचं वाढं आडकायचं तिच्यात, येळ जायचा. खुराडं बांधलं तवा दाराला लावून टाकली. मी एकदा म्हनलो हुतो, परत बसवू या. म्हनले, बसवू."

"मग तुम्ही काढली असं का..."

"ते दवाखान्यात ठरलं. मी शुद्धीवर येस्तोवर सगळ्यास्नी सांगून झालं हुतं."

"आणि तुम्ही कधीच बोलला नाही?"

"कुणाला बोलायचं? गावाला ठावंच हाय की. ह्या गोठ्यात येनाऱ्या-जानाऱ्या समद्यांनी कोंबड्या बगितल्यात." त्यांनी बाहीची पिन नीट केली. "तुमी ल्हान हुता."

 मी तिथंच फरशीवर बसले. हिशेब करून पाहत होते. शेजारच्या काकू, दूध न्यायला येणारी माणसं, डेअरीचा सचिव. आमच्या ओसरीवर आण्णा ती दोन वाक्यं सांगत, तेव्हा हे सगळे माना डोलवत. मीही पाहुण्यांना तीच वाक्यं सांगितली होती. परवाच संस्थेच्या दामले मॅडमना फोनवर सांगितली होती, मोठ्या अभिमानानं.

"मी आत्ता घरी जाऊन आण्णांना विचारते," मी उठत म्हणाले.

"बसा खाली."

नाथाभाऊ माझ्याशी त्या स्वरात कधी बोलले नव्हते. मी बसले.

"तुमचा बाप वाईट मानूस न्हाई. पर तो लाजला की चिडतो, आन चिडला की सही करायचा न्हाई. सही झाली न्हाई तर संस्था जाती. हितं सहा जनं हायेत ताई. शालन भावाच्या पडवीत निजती. मला टपरीवर आता बसवत न्हाई."

"पण हे खोटं आहे! आणि त्यांचा सत्कार करणार आहात तुम्ही!"

"करनार. शाल बी घेतलीया." ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही. "तुमाला लाज वाटती ती तुमच्यापाशी ठेवा चार दिस. मला छप्पर पायजे. सही हुईस्तोवर तोंड उघडू नका. शब्द द्या."

मी दिला. माझ्या लाजेची दुसऱ्या कुणाला किंमत पडू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आन ती जाळी भंगारात नगा टाकू," ते उठता उठता म्हणाले. "माळ्यावर ठेवा."

शालन अजून भिंतीकडेच बघत होती. "मला काय ऐकूच आलं न्हाई," ती म्हणाली. "पाय गेल्यात ना."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दामले मॅडम जागा बघायला आल्या. आण्णांनी त्यांना ओसरीवर बसवलं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्या विचारत होत्या, "आणि खरात इथंच जखमी झाले, असं तुमची रेवती म्हणाली. केवढा योगायोग!"

"हो," आण्णा म्हणाले. "कुट्टी लवकर उरकावी म्हणून त्यानं यंत्राची जाळी काढली आणि घाई नडली. पण आपण त्याला वाऱ्यावर सोडलं नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुठं अडखळणं, नजर चुकवणं, काहीतरी दिसेल असं वाटलं. काही नव्हतं. इतक्या वर्षांत ते वाक्य घासून गुळगुळीत झालं होतं. मला वाटतं, सांगताना ते खरं नाही हे त्यांना आठवतही नसावं. माझ्या हातातला ट्रे हलला आणि चहा बशीत सांडला.

"किती हळवी आहे मुलगी," मॅडम म्हणाल्या.

"बापावर गेलीय," आई आतून म्हणाली.

मी बशीतला चहा परत कपात ओतला. त्यानंतर आण्णांनी मला भाषणाचे चार मुद्दे काढून दे म्हटलं, आणि मी ते काढून दिले. 'कर्तव्य' हा शब्द त्यांना दोनदा हवा होता.

उद्घाटनाला गोठ्यापुढच्या अंगणात मांडव घातला होता. पुढच्या खुर्च्यांवर पुण्याहून आलेली संस्थेची मंडळी, बँकेचे साहेब, फोटो काढणारे दोघे. मागे सतरंजीवर आमचं गाव. गटातले सहाही जण बाजूला रांगेत बसले होते, इस्त्रीचे कपडे घालून. नव्या उतारावरून शालन आपली आपण वर जाऊन परत आली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं.

आधी सह्या झाल्या. आण्णांनी चष्मा लावून करार वाचला, किंवा वाचल्यासारखं केलं, आणि सही केली. साक्षीदारांच्या झाल्या. नाथाभाऊंनी डाव्या हातानं हळूहळू स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. कागद घडी करून शालनकडे दिला. शालननं तो पिशवीत घातला आणि पिशवीवर बसली.

"आता सत्कार," दामले मॅडम माइकवर म्हणाल्या. "ज्यांनी एवढ्या मोठ्या मनानं ही वास्तू दिली, त्या आण्णासाहेब रणवरे यांचा सत्कार गटाच्या वतीनं श्री. खरात करतील."

नाथाभाऊंनी ताटातली शाल उचलली. झटकली. ती उलगडली आणि एका बाजूनं जमिनीवर लोंबली. शाल घालायला दोन हात लागतात, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गव्हाणीपासून चिमट्यापर्यंत सगळं मोजणारी मी, मलाही हे सुचलं नव्हतं. ते एक टोक धरून उभे राहिले. फोटोवाले थांबले. मांडवात कुणीतरी खाकरलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, धरा."

मी पुढे झाले. लोंबणारं टोक उचललं. शाल नवी होती, खळीचा वास येत होता. आण्णा आमच्या दोघांच्या मधे मान वाकवून उभे राहिले. त्यांच्या टाळूवरचे विरळ केस मला दिसत होते. मी टोक सोडलं असतं तर शाल पडली असती आणि सगळ्यांनी विचारलं असतं, काय झालं. सह्या तर झाल्या होत्या. माझा शब्द संपला होता. मला बोलता येत होतं.

मी टोक त्यांच्या खांद्यावर ठेवलं आणि नीट बसवलं. फोटो निघाला. तो अजून आमच्या घरी आहे. त्यात मी हसते आहे.

मागे सतरंजीवर आमच्या गल्लीतली माणसं होती. शेजारच्या काकू पदराशी चाळा करत होत्या. दूध न्यायला येणारे सगळे कुठेतरी दुसरीकडे बघत होते. कधी लग्नात नवरामुलगा काही चुकीचं बोलला तर लोक बघतात तसे.

"श्री. खरात, दोन शब्द बोला," मॅडम म्हणाल्या.

नाथाभाऊंनी माइक घेतला. "भाषन काय येत न्हाई मला. आण्णांनी छप्पर दिलं. दहा वर्सं लिहून दिलं. लई झालं." ते आण्णांकडे वळले. "येक वस्तू तेवढी ऱ्हायलीया त्यांच्याकडनं."

आण्णांनी हसत वर पाहिलं. "सांग की. काय पाहिजे?"

"कुट्टीच्या यंत्राची जाळी. माळ्यावर हाय. उद्यापास्नं हितं पोरंसोरं काड कापनार. ती आदी बसवून द्या."

आण्णांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं काहीतरी निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माळ्यावर जाळी कुणी ठेवली असेल, हे त्यांना त्या एका नजरेत कळलं. मी नजर खाली घातली नाही. घालायला हवी होती असं नंतर कितीदा वाटलं, आणि कितीदा वाटलं की नाही.

"बसवू," आण्णा म्हणाले.

"म्हनला हुता मागंबी," नाथाभाऊ शांतपणे म्हणाले. "आत्ता बसवू या. पावनी हायेत."

"अगदी बरोबर!" दामले मॅडम उभ्या राहिल्या. "सुरक्षिततेनंच सुरुवात होऊ दे. आणि आण्णासाहेबांच्याच हस्ते. या, या, सगळे आत या."

सगळे गोठ्यात आले. मी माळ्यावरून जाळी काढून दिली. तिच्यावरचा गंज मी आधीच घासून काढला होता. का, ते मलाही सांगता आलं नसतं. नाथाभाऊंनी ती डाव्या हातानं पन्हळीच्या तोंडावर दाबून धरली. पाना आण्णांच्या हातात होता. त्यांना बोल्ट भोकात घालता येईना. दोनदा खाली पडला. खांद्यावरची शाल सारखी पुढे येत होती आणि ते ती मागे सारत होते. ज्या ठिकाणी नाथाभाऊंचा उजवा हात असायला हवा होता, त्याच्या अगदी समोर आण्णांचं डोकं होतं, वाकलेलं.

"सावकाश, आण्णा," नाथाभाऊ म्हणाले. "मी धरलीया."

पहिला बोल्ट बसला. मग दुसरा. तिसऱ्याला आण्णांचा श्वास ऐकू यायला लागला. कुणीच मदतीला पुढे होत नव्हतं. गावातले गडी, ज्यांनी आयुष्यभर पाने फिरवले होते, ते दाराशी हात मागे बांधून उभे होते. शालन गव्हाणीजवळ खुर्चीत होती, पिशवी मांडीखाली घट्ट.

चौथा बोल्ट आवळून झाला तेव्हा आण्णा सरळ झाले. पाना त्यांनी नाथाभाऊंच्या पुढे धरला. नाथाभाऊंनी जाळी हलवून पाहिली, मगच ती सोडली आणि त्याच हातानं पाना घेतला.

"बसली," ते म्हणाले.

टाळ्या झाल्या, बऱ्याच वेळ. वाजवणारे सगळे बाहेरगावचे होते.